खेदबाबूंचा नकार

कलकत्त्यात क्लाइव्ह रो या रस्त्यावरच्या लॉकहार्ट गुहा अँड कंपनीत निशिकांत भादुडींना नोकरीभरात दोन टोपणनावं मिळाली. आधी कितीतरी वर्षं ते 'खेदबाबू' होते. शेवटच्या काही वर्षांत ते 'नाहीबाबू' झाले. पहिलं नाव कौतुकाचं होतं आणि दुसरं टिंगलीचं. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दुसरंच पसंत केलं असतं. पहिल्या नावाची किंमत काटव्याजवळच्या शिमुलडांगा गावातल्या एका घराने मोजली होती, आणि ती गोष्ट भादुडींच्या घशातून शेवटपर्यंत खाली उतरली नाही.

कंपनी वजनकाटे आणि पाण्याचे पंप बनवायची. भादुडी पत्रव्यवहार विभागात होते आणि तिथे त्यांच्याकडे एकच काम होतं, ते म्हणजे कंपनीच्या वतीने खेदपूर्वक नकार कळवणं. माल परत घ्या म्हणणारा व्यापारी, दुर्गापूजेची वर्गणी मागणारं मंडळ, नोकरीसाठी अर्ज करणारा पदवीधर, सगळ्यांना कंपनीचं 'नाही' भादुडींच्या टाइपरायटरमधून जायचं. आणि असं जायचं की घेणाऱ्याला लागूच नये. एकदा आसनसोलच्या एका दुकानदाराची एजन्सी कंपनीने काढून घेतली. तसं पत्र भादुडींनी लिहिलं. आठवड्याने तो दुकानदार मिठाईचा पुडा घेऊन आभार मानायला हजर! खाली दरवानाने त्याला पत्राचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा कुठे तो बिचारा मटकन पायरीवर बसला.

"निशी," विभागाचे बडोबाबू, म्हणजे मुख्य कारकून, तारापद चाकलादार म्हणायचे, "तू माणसाचा गळा कापतोस आणि वर त्याच्याकडून पोच घेतोस. कसं जमतं रे तुला?"

भादुडी नुसते हसायचे. मनातून सुखावायचे. आता एवढं कौतुक होत असताना कोण नाही सुखावणार?

संध्याकाळी हातीबागानात, साड्यांच्या दुकानावरच्या माडीत चालणाऱ्या एका कमर्शियल कॉलेजात ते व्यापारी पत्रलेखन शिकवायचे. तिथले विद्यार्थी म्हणजे दिवसभर नोकरी शोधून दमलेली तरुण मंडळी. "पत्र म्हणजे तीन खोल्यांचं घर समजा," भादुडी सांगायचे. "पुढच्या खोलीत स्वागत करायचं. मागच्या खोलीतून निरोप द्यायचा. आणि वाईट बातमी असेल ती मधल्या खोलीत ठेवायची." लिहायला बसण्याआधी वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा, हेही ते पहिल्याच तासाला सांगायचे. स्वतः तसे बसायचेही. फक्त त्या खुर्चीत बसून ते वाचणाऱ्याला काय वाटेल तेवढं बघायचे. त्याला काय कळेल, हे बघायचं राहून जायचं.

त्यांचा हा हळवेपणा उगाच आलेला नव्हता, हे मात्र सांगायला हवं. तरुणपणी ते स्वतः याच ऑफिसपाड्यात, कचेऱ्यांच्या या भागात, पायऱ्या झिजवत होते. फाटकाफाटकावर 'जागा नाही' अशा पाट्या होत्या आणि पाटी वाचूनही आत बघणाऱ्याला दरवान कुत्र्यासारखा हाकलायचा. एका साहेबाने तर त्यांचा अर्ज त्यांच्यासमोर टोपलीत टाकून "नाही" म्हटलं होतं, मान वरही न करता. त्या दिवशी भादुडी हुगळीच्या घाटावर जाऊन ढसाढसा रडले होते. आपल्या हातात कधी लेखणी आली तर असं 'नाही' आपण कुणाच्या तोंडावर फेकणार नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. ते त्यांनी पाळलं. इतकं पाळलं की तो शब्द त्यांच्या हातून निसटूनच गेला.

एका वर्षी कंपनीला हिशेब खात्यात एक कारकून हवा होता. विजेचे हाल, कारखान्यात संप, बाहेर सुशिक्षित बेकारांची रांग, असे ते दिवस होते. अर्ज पोत्याने आले. जागा आधीच एका संचालकांच्या नात्यातल्या मुलाची होती, त्यामुळे उरलेल्या सगळ्यांना भादुडींचं पत्र गेलं. आधी आभार. मग अर्जदाराच्या गुणवत्तेबद्दल दोन गोड शब्द. मधल्या खोलीत, प्रत्येक गुणी उमेदवाराला या वेळी सामावून घेणं शक्य झालेलं नाही, असं अर्ध्या परिच्छेदाचं एक इंग्रजी वाक्य. आणि शेवटी भादुडींचं लाडकं वाक्य: 'आपलं नाव आम्ही आमच्या नोंदीत आदराने जपून ठेवत आहोत, आणि पुढे आपल्या योग्यतेची जागा निर्माण झाल्यास आपलं स्मरण करताना आम्हाला आनंद वाटेल.'

कुणाचंही नाव कुठल्याही नोंदीत जपून ठेवलेलं नव्हतं. अर्ज गठ्ठ्याने गोदामात जायचे आणि पावसाळ्यात त्यांना वाळवी लागायची.

अग्रहायण, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष महिन्यात, थंडी नुकतीच पडू लागली होती तेव्हा, एक तरुण विभागात आला. धुतलेलं धोतर, वर कोट, हातात केळीच्या पानात बांधलेलं एक जड गाठोडं. "आपणच ना एन. बी.?" त्याने भादुडींना विचारलं.

भादुडी चमकले. व्यापारी पत्राच्या कोपऱ्यात सही करणाऱ्याची आणि मजकूर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं टाकायची रीत असते. ती कुणी वाचत नाही. या माणसाने वाचली होती.

"मी सुधन्य कोनार. शिमुलडांग्याहून आलो. बाबा म्हणाले, साहेब लोक काय, नुसती सही ठोकतात. ज्याने लिहिलं त्यालाच जाऊन भेट." त्याने गाठोडं टेबलावर ठेवलं. "पाटाली गूळ आहे. नव्या रसाचा. बाबांनी स्वतः चुलीपाशी बसून करून घेतलाय."

खजुरीच्या गुळाचा वास साऱ्या विभागात दरवळला आणि टाइपरायटर एकामागून एक थांबले. चाकलादारांनी चष्मा कपाळावर चढवला.

सुधन्यने खिशातून पत्र काढलं. घडीवर घडी पडून ते मऊ झालं होतं. "सर, तुम्ही माझं नाव पॅनेलमध्ये ठेवलंय, त्याबद्दल तुमचे उपकार कसे फेडू? फक्त एक विचारायचं होतं."

पॅनेल! बंगालात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सरकारी खात्यात निवडलेल्यांच्या खाली आणखी काही नावं राखून ठेवतात, त्याला पॅनेल म्हणायचं. पॅनेलमध्ये नाव लागलं की बोलावणं आज ना उद्या येतंच. लोक त्या भरवशावर मुलींची लग्नं ठरवतात. भादुडींच्या शेवटच्या वाक्यात सुधन्यला पॅनेल दिसलं, यात त्याचं काय चुकलं? त्याच्या जगात नाव जपून ठेवण्याचा दुसरा अर्थच नव्हता.

"आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतून मला बोलावणं आलंय," सुधन्य सांगू लागला. "महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला. बाबा म्हणतात, कलकत्त्याच्या कंपनीने शब्द दिला असताना गावात पोरं हाकत बसायचं का? मला वाटलं, एकदा विचारून घ्यावं. तुम्ही सांगाल तसं करतो, सर."

शाळेत जा. दोन शब्दांचं काम होतं. भादुडींच्या जिभेवर ते आलेही. पण सगळा विभाग कान देऊन ऐकत होता, टेबलावर गूळ होता, आणि समोरच्या पोराचे डोळे असे काही उजळले होते की तिथे 'नाही' ठेवायला जागाच दिसेना. भादुडींना तो टोपलीतला अर्ज आठवला. घाट आठवला.

"असं बघा सुधन्यबाबू," ते म्हणाले, "कंपनीला तुमच्याबद्दल आदरच आहे. पण आत्ता निश्चित असं काही सांगणं अवघड आहे. तुम्ही आपल्या हिताचा सर्व बाजूंनी विचार करावा, एवढंच मी म्हणेन."

सुधन्यने एकदा आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने त्यांच्या पायाला हात लावला. "समजलं, सर," तो हळूच म्हणाला. "चारचौघांत तुम्हाला उघड बोलता येत नाही. मला समजलं."

तो जिना उतरून गेला. भादुडी दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. तोवर चाकलादारांनी गुळाचा खडा मोडून तोंडात टाकला होता. "वा! निशी, तुझ्या नकाराची चव काही औरच आहे हं!" सगळे हसले. ज्याने त्याने आपापला वाटा घेतला. भादुडींच्या वाट्याचा गूळ कागदात बांधून त्यांच्या पिशवीत गेला.

घरी त्यांच्या बायकोने, शेफालीने, त्या गुळाची खीर केली. "कुणी दिला हो एवढा छान गूळ?" तिने वाटी पुढे ठेवत विचारलं. भादुडींनी सगळं सांगितलं.

"मग? त्याला मिळणार का नोकरी?"

"नाही."

"बघा! मला कसं पटकन सांगितलंत. तसंच त्याला एक कार्ड टाका ना. बंगालीत. 'बाबा रे, इथे काही नाही, तू शाळेत जा.' झालं."

"असं नसतं गं लिहायचं. कंपनीच्या नावाचा प्रश्न असतो."

"कंपनीचं नाव गेलं खड्ड्यात. त्या पोराची शाळा जाईल."

भादुडींनी वाटी बाजूला सारली. खरं कारण कंपनीचं नाव नव्हतं, हे त्यांना आत कुठेतरी ठाऊक होतं. एका ओळीत 'नाही' लिहायचं म्हणजे आधीच्या सुंदर पत्रात 'नाही' नव्हतं, हे कबूल करायचं. ज्या पत्राची नक्कल ते हातीबागानात फळ्यावर लिहून दाखवायचे, ते पत्र नुसतंच गोड होतं, हे मान्य करायचं. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी दुसऱ्याचं केवढं वाटोळं करतो!

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीच्या कागदावर सुधन्यला आणखी एक पत्र लिहिलं. जीव ओतून लिहिलं, दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. आपण प्रत्यक्ष भेटीस आलात याचा आनंद वाटला. सद्यःस्थितीत निश्चित कालमर्यादा सांगणं आम्हाला शक्य नाही. दरम्यान आपल्यासमोर अन्य एखादी संधी असल्यास आणि ती आपणास हितावह वाटत असल्यास तिचा विचार करण्यास कंपनीची कोणतीही हरकत नसेल. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. पाकीट बंद करताना त्यांना हायसं वाटलं. 'हरकत नसेल' असं लिहिलंय, त्याला कळेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

काय कळलं ते माघ महिन्यात समजलं. गोष्ठबिहारी कोनार, म्हणजे सुधन्यचे वडील, यांचं बंगाली पोस्टकार्ड आलं. गावात त्यांचं किराणामालाचं छोटं दुकान होतं. कार्ड कुणाकडून तरी वळणदार अक्षरात लिहून घेतलं होतं. 'परमपूज्य भादुडीमशाई, आपल्या पहिल्या पत्राने धीर आला होता. दुसऱ्या पत्राने तर शंकाच उरली नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याला एवढी मोठी कंपनी दोनदा कशाला लिहील? शाळेला आम्ही नकार कळवला. ती जागा वनमाळी मास्तरांच्या भाच्याला मिळाली. येत्या पौर्णिमेला घरी सत्यनारायण आहे. सुधन्यचं कल्याण करणाऱ्याच्या पायाची धूळ आमच्या अंगणात पडावी, एवढीच विनंती.'

 कार्ड हातात धरून भादुडी सरळ धाकट्या साहेबांच्या, गुहासाहेबांच्या खोलीत गेले. एवढ्या वर्षांत ते स्वतःहून त्या खोलीत कधी गेले नव्हते. एखादी जागा, कुठलीही, गोदामात, जावक टपालात, असं ते चाचरत बोलले. कंपनीच्या कागदावर शब्द गेलाय, असंही म्हणाले.

गुहासाहेबांनी दोन्ही पत्रांच्या नकला मागवून शांतपणे वाचल्या. "उत्तम पत्रं आहेत, भादुडी," ते म्हणाले. "आणि यात शब्द वगैरे काही दिलेला दिसत नाही मला."

"पण सर, शेवटचं वाक्य..."

"ते तर तुम्ही सगळ्यांनाच लिहिता. त्यातलं काही खरं करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

भादुडी बाहेर आले. साहेब वाईट माणूस नव्हते, आणि खोटंही बोलले नव्हते. म्हणूनच ते वाक्य जास्त झोंबलं.

पौर्णिमेला त्यांनी हावड्याहून काटव्याची गाडी धरली आणि पुढे बसने शिमुलडांग्याला उतरले. वाटेत त्यांनी मनात सारखी वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य आभारांपासून सुरू होई. ते खोडून नवं जुळवावं, तर त्यातही आधी तब्येतीची विचारपूस येई. स्वतःचाच त्यांना संताप आला.

सुधन्य बसथांब्यावर उभा होता. "सर, मला खात्री होती तुम्ही येणार," तो म्हणाला आणि त्यांची पिशवी त्याने हिसकावूनच घेतली. रस्त्यात सांगून टाकावं असं भादुडींनी ठरवलं होतं. पण दर दहा पावलांवर कुणीतरी थांबून नमस्कार करत होतं आणि सुधन्य अभिमानाने सांगत होता, "कलकत्त्याचे. आमच्या कंपनीचे."

आमच्या कंपनीचे! भादुडींना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरासमोरचं अंगण शेणाने सारवून तांदळाच्या पिठाच्या आल्पना काढल्या होत्या. पूजा संपत आली होती. गोष्ठबाबू म्हणजे किडकिडीत, पांढऱ्या खुंटांचा, सारखे हात जोडणारा म्हातारा. त्यांनी भादुडींना घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. शेजारपाजारची माणसं चटयांवर दाटीने बसली होती. केळ, कणीक, दूध कालवलेला शिन्नीचा प्रसाद वाटला गेला. भादुडींनी समोर पाहिलं. भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी दोन चौकटी टांगलेल्या होत्या. दोन्हींत काचेमागे त्यांची पत्रं होती आणि दोन्हींना झेंडूचे हार घातले होते.

"मशाई," गोष्ठबाबू हात जोडून म्हणाले, "एक मागणं आहे. आम्हा लोकांना इंग्रजी कुठलं येतंय? सुधन्य वाचून दाखवतो, पण ज्याने लिहिलं त्याच्या तोंडून ऐकावं असं सगळ्यांना वाटतंय. तेवढं बंगालीत सांगा." आणि पहिल्या पत्राचा हार काढून त्यांनी ती चौकट भादुडींच्या मांडीवर ठेवली.

भादुडींनी चष्मा पुसला. इतकी वर्षं पत्रं लिहिली, पण आपलं पत्र वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता सगळे चेहरे समोर होते.

"आपण अर्ज केलात, याबद्दल कंपनी आपली मनापासून आभारी आहे," ते वाचू लागले.

"बघा! कंपनी आभार मानते," कुणीतरी म्हणालं.

"आपलं शिक्षण आणि आपलं हस्ताक्षर, दोन्ही वाखाणण्याजोगी आहेत."

गोष्ठबाबूंच्या थोरल्या बहिणीने, सुधन्यच्या आत्याने, तोंडावर पदर घेऊन डोळे टिपले. "लहानपणापासून अक्षर मोत्यासारखं पोराचं," ती म्हणाली.

भादुडी मधल्या वाक्यापाशी आले. इंग्रजीत ते कसं झुळझुळ वाहायचं. बंगालीत ते उचलेना. "आलेल्या अर्जांची विपुल संख्या ध्यानात घेता... प्रत्येक गुणी उमेदवाराला या वेळी... सामावून घेणं..."

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. बाईला खरंच कळलं नव्हतं.

भादुडींनी चौकट मांडीवर उपडी ठेवली. "म्हणजे सुधन्यला नोकरी नाही," ते म्हणाले.

गोष्ठबाबू समजूतदारपणे हसले. "हो, तेव्हा नव्हती. ते माहीत आहे आम्हाला. पुढचं वाचा ना मशाई, पॅनेलचं."

"आमच्या कंपनीत पॅनेल नाही, गोष्ठबाबू. कधीच नव्हतं. ते वाक्य मी सगळ्यांनाच लिहितो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. कुणाला वाईट वाटू नये म्हणून."

 गोष्ठबाबूंनी चौकट उचलली, सुलटी केली आणि काचेवरून बोट फिरवत ते म्हणाले, "पण नोकरी नाही असं कुठे लिहिलंय? दाखवा ना मला."

"कुठेच नाही लिहिलं," भादुडी म्हणाले. "म्हणून तर मी आलो."

"आणि दुसऱ्या पत्रात?" हे सुधन्यने विचारलं.

"त्यातही नाही."

"मी तुम्हाला विचारलं होतं, सर. तुम्ही सांगाल तसं करतो, असं म्हणालो होतो." सुधन्यचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

आत्याचा मात्र चढला. "अहो बाबू, आम्हाला गाय विकायची नसली तर आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक पुढच्या घरी जातं. तुम्ही एवढे शिकलेले, दोन-दोन कागद भरून लिहिलंत, आणि हा एवढासा शब्द तुमच्याच्याने लिहवला नाही? वनमाळीचा भाचा रोज इथून छत्री फिरवत शाळेत जातो. रोज!"

"चूक माझी आहे," भादुडी म्हणाले.  "सुधन्यची नाही, तुमची नाही. त्याने विचारलं तेव्हा मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. मला माफ करा." असं वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आडपडदा न ठेवता उच्चारलं. बोलून हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

शेजारी एकेक करून उठले. चपला शोधण्याचा आवाज तेवढा येत राहिला. भादुडीही उठू लागले, तेव्हा गोष्ठबाबूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवल्याशिवाय जायचं नाही. पूजेच्या दिवशी घरातून कुणी उपाशी जात नाही." मग आत तोंड करून म्हणाले, "पान वाढा गं."

आत ओसरीवर त्यांचं एकट्याचंच पान मांडलं होतं. डाळ, वांग्याचे काप, आणि मग काशाच्या वाटीत, पूजेचा दिवस असूनही पाहुण्यासाठी वेगळ्या चुलीवर रांधलेलं कातला माशाचं डोकं. बंगाली घरात माशाचं डोकं कुणाच्या पानात जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जावयाच्या, नाहीतर घराचं भलं करणाऱ्याच्या. आत्याने वाटी ठेवली आणि समोर बसली, वारा घालायला. भादुडींना घास गिळवेना आणि टाकवेना. टाकलं असतं तर त्या घराचा आणखी एक अपमान झाला असता. त्यांनी ते डोकं शेवटच्या काट्यापर्यंत खाल्लं.

निघताना सुधन्य पिशवी घेऊन बरोबर आला. या वेळी वाटेत भेटणाऱ्यांना त्याने काही सांगितलं नाही. बस यायची होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून भादुडी म्हणाले, "आता पुढे काय करणार?"

"दुकानात बसेन," सुधन्य म्हणाला. पिशवी दुसऱ्या हातात घेत तो पुढे म्हणाला, "त्या दिवशी खाली उतरताना मी दरवानाला म्हणालो होतो, तुमच्या ऑफिसात देवमाणूस आहे. तो हसला. का हसला, ते मला कळलं नव्हतं."

 धूळ उडवत बस आली. भादुडी चढून खिडकीशी बसले, तोच मागून लगबगीने गोष्ठबाबू येताना दिसले. धापा टाकत त्यांनी केळीच्या पानात बांधलेलं गाठोडं खिडकीतून आत दिलं. गुळाचा तोच वास आला.

"घरी वहिनींना द्या," ते म्हणाले. बसच्या दांड्याला धरून ते बाहेर उभे राहिले. कंडक्टर पत्रा बडवत होता, तरी त्यांचा हात सुटेना. "मशाई, झालं ते झालं. तुम्ही मन मोठं करून आलात, सांगितलंत. मी काय म्हणतो, उद्या कधी एखादी जागा निघालीच... लहानशी का असेना... तर आमच्या सुधन्यची आठवण ठेवाल ना?"

'अवश्य' हा शब्द भादुडींच्या ओठांवर तयार होता. आयुष्यभर तयारच होता तो. म्हाताऱ्याने मागितलं होतं तरी काय? फुकटचा एक शब्द. तो दिला असता तर घरी जाताना म्हाताऱ्याची पावलं जरा हलकी पडली असती. थोड्या अंतरावर सुधन्य मान खाली घालून उभा होता.

"नाही, गोष्ठबाबू," भादुडी म्हणाले. "जागा निघणार नाही. वाट बघू नका."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला, एखाद्याने अचानक तोंडात मारावी तसा. मग त्याने दांड्यावरचा हात काढून घेतला आणि बस सुटली.